वजन ११८ किलो, मागे बायको आणि सामान: टूरिंगची गाडी घेताना शॉकअपचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातले एक गृहस्थ, वजन ११८ किलो, उंची पाच फूट आठ इंच. सध्या ३५० सीसीची क्रूझर आहे. तिचा मागचा शॉकअप प्रत्येक खड्ड्यात ठोकतो आणि शंभरेक किलोमीटर झाले की कंबर धरते. आता साडेचार लाखांपर्यंत नवी गाडी घ्यायची आहे. डोक्यात सुपर मिटिऑर ६५०, हिमालयन ४५०, ३९० ॲडव्हेंचर आणि व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स आहेत. कोकण-गोव्याला बायकोसोबत जायचं असतं आणि पुढच्या वर्षी हिमाचलमधली स्पितीही करायची आहे. विचारलंय ते इतकंच: यातल्या कोणत्या गाडीचं सस्पेन्शन सगळ्यात मऊ आहे?

साताऱ्यात बरीच वर्षं शॉकअप आणि फोर्कचंच (फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप) काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण 'सर्वांत मऊ' शोधायला गेलात तर नव्या गाडीवरही हेच दुखणं घेऊन याल.

तुमची कंबर दुखते ती शॉकअप कडक आहे म्हणून नाही. तुमच्या वजनाला तो फार मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण गणित साधं आहे. बहुतेक गाड्यांची मूळ स्प्रिंग ६५ ते ७५ किलोच्या माणसाला धरून बसवलेली असते. त्यावर तुम्ही बसलात की शॉकअप उभ्या गाडीतच अर्ध्याच्या पुढे दबतो. दबायला जेवढं अंतर असतं त्याला प्रवास म्हणतात; त्यातल्या उरलेल्यात स्पीडब्रेकर आला की तो शेवटपर्यंत जातो आणि आतल्या बंपर रबरावर आदळतो. त्या क्षणी स्प्रिंग संपलेली असते, रबरही संपलेलं असतं, आणि चाकाचा धक्का सरळ चेसिसमधून माकडहाडाला लागतो. म्हणजे तुम्ही बसता ते स्प्रिंगवर कमी आणि रबरावर जास्त.

कोरेगावकडचे एक धिप्पाड गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन आले होते. आधी दोन ठिकाणी त्यांना सीटमध्ये जेल घालून दिलं होतं, एका ठिकाणी 'गॅस भरून' दिला होता. शॉकअप उघडला तर बंपर रबर पिचकून त्याच्या चकत्या पडलेल्या, दांड्याला खालपर्यंत ओरखडे, तेल काळं आणि पातळ. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रोजचं येणं-जाणं होतं त्यांचं. स्प्रिंग जड बसवली, तेल बदललं. गाडी हाताला आधीपेक्षा कडक लागली, पण कंबरदुखी थांबली. गॅसचंही सांगून ठेवतो. शॉकअपमधला नायट्रोजन तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. वजन पेलणं हे त्याचं काम नाही, त्यामुळे गॅस भरून जड माणसाचा प्रश्न सुटत नाही.

आता प्रीलोड, म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. शोरूममध्ये तुम्हाला सांगतील, 'साहेब, मागे सात स्टेप आहेत, शेवटच्या स्टेपला टाकून देतो, काही काळजी नको.' प्रीलोड वाढवणं म्हणजे खाटेच्या पायांखाली विटा ठेवणं. खाट उंच होते, पण नवार होती तितकीच सैल राहते. प्रीलोडने गाडीची मागची बाजू वर येते, स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. उंची परत मिळणं महत्त्वाचं आहेच, म्हणून प्रीलोड लागतो. पण शेवटच्या स्टेपवरही गाडी ठोकत असेल तर दुसरी स्प्रिंग हाच उपाय.

स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर. त्यात तारेचा वाटा फार मोठा. तार दहा टक्के जाड झाली तर कडकपणा जवळजवळ शेहेचाळीस टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून नजरेला सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आणि म्हणूनच स्प्रिंग तापवून ताणून देणं, एखादं वेटोळं कापणं, मधे रबराचे ठोकळे कोंबणं असले उद्योग करू नका. तापवली की स्प्रिंगचं पाणी उतरतं, आणि काही महिन्यांत ती आधीपेक्षा खाली बसते.

तुमच्या बाबतीत किती जड स्प्रिंग लागेल याचा ढोबळ अंदाज मी असा काढतो. १९६ किलोची गाडी धरा. तिचं साधारण अर्धं वजन मागे येतं, त्यातून चाक, टायर, ब्रेक असा स्प्रिंगच्या खालचा भाग वजा केला की पंचाहत्तर किलोच्या आसपास उरतं. स्वाराच्या वजनातलं साधारण ६५ टक्के मागे येतं. ७५ किलोचा माणूस असेल तर ४९ किलो, म्हणजे मागच्या स्प्रिंगवर एकूण १२४. तुम्ही ११८ आणि हेल्मेट, जॅकेट, बूट, गुडघ्याची पॅडं असा साज मिळून आठ किलो, म्हणजे १२६. त्यातले ८२ मागे, एकूण १५७. म्हणजे एकट्याने चालवायलाच पाव हिस्सा जड स्प्रिंग हवी. आता वहिनी बसल्या. मागे बसणाऱ्याचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं, आणि कॅरियरवरचं सामान तर चाकाच्याही मागे लोंबतं. ६५ किलो त्या आणि वीस किलो सामान धरलं तर आकडा २४० च्या घरात जातो. कंपनीने जे धरलं होतं त्याच्या जवळपास दुप्पट.

एकच स्प्रिंग १५७ लाही नेमकी आणि २४० लाही नेमकी असू शकत नाही. त्यामुळे निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे: वर्षभरात जास्त चालवणं एकट्याने आहे की दोघांनी? तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की आठवड्याचं चालवणं एकट्याचं आणि लांबच्या सहली दोघांच्या. मग स्प्रिंग एकट्याच्या वजनाला थोडी वरच्या बाजूने घ्यायची आणि दोघं असताना प्रीलोड वाढवायचा. तो वाढवणं सोपं असलं पाहिजे. हाताने फिरवायची हायड्रॉलिक नॉब असलेला शॉकअप मिळाला तर फार बरं. नाहीतर रिंग फिरवायला वाकडा पाना घेऊन घामाघूम व्हावं लागतं, आणि मग माणूस कंटाळून तसाच निघतो.

पण याच्याही आधीची एक गोष्ट कोणी विचारतच नाही, ती म्हणजे गाडीला एकूण किती भार झेपतो. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसं, कपडे, सामान आणि नंतर लावलेलं सगळं लोखंड यांच्यासाठी किती किलो उरतात ते कळतं. हिमालयन ४५० चं उदाहरण घ्या. एकूण मर्यादा ३९४ किलो, गाडी १९६, म्हणजे हाती १९८. तुम्ही साजासह १२६. वहिनींचं वजन तुम्ही दिलेलं नाही, मी साजासह ६५ धरतो. झाले १९१. उरले सात किलो. सात किलोत टाकीवरची एक बॅग आणि मागे कपड्यांची एक पिशवी बसते, बस्स. ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांची रॅक रिकामीच दहा-पंधरा किलो भरते. वर क्रॅशगार्ड लावलात तर निघायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते.

ही मर्यादा फक्त शॉकअपची नाही. चेसिस, चाकाचे आरे, ब्रेक, टायर सगळं त्यात धरलेलं असतं. जड स्प्रिंग टाकल्याने गाडी जास्त भार पेलायला पात्र होत नाही, जेवढी मर्यादा आहे तेवढ्यात ती नीट वागते, इतकंच. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, तोही बघा. ६२ म्हणजे तो टायर २६५ किलो पेलतो, ६६ म्हणजे ३००, ६९ म्हणजे ३२५. टायर बदलताना स्वस्तात मिळाला म्हणून कमी आकड्याचा घेऊ नका, आणि दोघं असताना हवा पुस्तिकेत दोघांसाठी लिहिलेली ठेवा.

आता गाड्यांकडे येतो.

सुपर मिटिऑरचं इंजिन गोड आहे आणि सीट ७४० मिलिमीटरवर, त्यामुळे बसल्या बसल्या ती मनात भरते. पण गाडी २४१ किलोची आणि मागच्या चाकाला प्रवास १०१ मिलिमीटर. रस्ते-नियमांप्रमाणे बांधलेला गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गावांच्या वेशीवरचे तितके रुंद कुठे असतात? अरुंद, उभ्या चढाचा असा एकही आला की १०१ मधले जे साठ-सत्तर मिलिमीटर उरलेले असतात ते संपतात. महामार्गावर एकट्याने पुण्याला, कोल्हापूरला जाणार असाल तर चांगले शॉकअप घालून ती छान गाडी होईल. तुमचं वजन, मागे माणूस आणि स्पितीचा दगडगोटा या तिन्हींसाठी नको. बसायची पद्धतही बघा. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा दिसला तरी पायांवर उठून धक्का घेता येत नाही. सगळं कमरेला. जड माणसाला पेग (पाय ठेवायच्या दांड्या) शरीराच्या खाली असलेली गाडी हवी. तुमची सध्याची तक्रार निम्मी या बसण्याचीही आहे असं मला वाटतं.

व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स हलकी, १६७ किलोची, आणि भरवशाची. एकट्याने, थोड्या सामानासह चालवणार असता तर तिचा विचार करा म्हटलं असतं. पण तुम्ही दोघं बसलात की गाडीपेक्षा स्वारांचं वजन जास्त होतं. आंबेनळीच्या किंवा कुंभार्लीच्या चढाला २५० सीसीचं इंजिनही दमेल आणि शॉकअपही.

३९० ॲडव्हेंचरच्या नव्या वरच्या मॉडेलला पुढे २०० आणि मागे २०५ मिलिमीटर प्रवास आहे. मुख्य म्हणजे पुढे कंप्रेशन-रिबाउंड (दबण्याचा आणि परत उसळण्याचा वेग) आणि मागे प्रीलोडसोबत रिबाउंडही बदलता येतो. हा रिबाउंड तुमच्यासाठी का मोलाचा, ते सांगतो. स्प्रिंग जड केली की ती दबल्यावर जास्त जोराने परत उसळते. तिला आवरायचं काम आतलं तेल आणि झडपा करतात. मूळ झडपा हलक्या स्प्रिंगसाठी असतील तर जड स्प्रिंग गाडीला मागून लाथ मारल्यासारखी उचलते, आणि मागे बसलेल्या माणसाला ते सगळ्यात आधी जाणवतं. रिबाउंड बदलता आला तर चार-सहा क्लिकमध्ये हे आवरतं. नाहीतर शॉकअप उघडून झडपांच्या चकत्या बदलाव्या लागतात, किंवा पूर्ण शॉकअपच बदलावा लागतो.

हिमालयन ४५० ला पुढे-मागे २०० मिलिमीटर प्रवास आहे, मागे लिंकेज (चाकाची बाजू शॉकअपला जोडणाऱ्या तरफा) आहे, पण हाताशी फक्त प्रीलोड. लिंकेजमुळे चाक जसं वर जातं तसा प्रतिकार वाढत जातो, त्यामुळे शेवटचा ठोका कमी बसतो. मागची सीट रुंद आहे, वहिनींना तीच जास्त आवडेल. तिला बाहेरच्या कंपन्यांच्या जड स्प्रिंग आणि पूर्ण शॉकअपही मिळतात. वायएसएस, हायपरप्रो ही नावं विचारून बघा. मात्र वजन सांगूनच मागवा. 'हेवी ड्यूटी' एवढ्या शब्दावर घेऊ नका, न्यूटन प्रति मिलिमीटरचा आकडा मागा, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो तो. आणि वॉरंटीचं काय होईल ते डीलरकडून आधी लेखी घ्या.

माझं मत: दोघांच्या सहली हा तुमचा मुख्य हेतू असेल तर हिमालयन ४५०, आणि बजेटमधले पंचवीस-तीस हजार पहिल्या दिवसापासून सस्पेन्शनसाठी बाजूला. पेट्या, लाईट, गार्ड नंतर, किंवा नाहीच. बहुतेक वेळ एकटेच जाणार असाल तर ३९० ॲडव्हेंचर. स्पिती मात्र दोघांनी एका गाडीवर सामानासह करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. भार मर्यादेबाहेर, रस्ता नसल्यासारखा आणि मदत लांब, या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ देऊ नयेत. तुम्ही गाडीवर आणि वहिनी व सामान सोबतच्या चारचाकीत, असं करा.

सीटच्या उंचीची भीती धरू नका. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर म्हटलं की पाच फूट आठ इंचाचा माणूस बिचकतो. पण तुम्ही बसल्यावर नीट लावलेली गाडीसुद्धा चाळीसेक मिलिमीटर खाली बसणार आहे. शोरूममध्ये स्टँडवरची उंची बघून निर्णय घेऊ नका.

टेस्ट राईडला वहिनींना सोबत न्या आणि दोघांनीही पूर्ण साज घाला. शोरूमच्या पुढच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून काही कळत नाही. विनंती केली तर यवतेश्वरच्या घाटापर्यंत गाडी देतात, निदान ओळखीतल्या कोणाची तरी मिळते. निघण्यापूर्वी पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीला एक प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा आणि सीलला टेकवून ठेवा. फोर्क जितका दबेल तितकी ती सरकेल. घाट उतरताना दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारा, एक स्पीडब्रेकर वीसच्या वेगाने घ्या, मग थांबून बघा. टाय पार टोकाला गेली असेल तर पुढची स्प्रिंगही बदलावी लागणार. पुष्कळ जण फोर्कमध्ये घट्ट तेल टाकून वेळ मारून नेतात. घट्ट तेलाने फोर्क हळू दबतो, पण वजनाला आधार मिळत नाही. उलट लागोपाठच्या बारीक खड्ड्यांत हाताला झिणझिण्या येतात.

वळणांवरही लक्ष ठेवा. मागची बाजू फार बसली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल तरंगल्यासारखं लागतं आणि गाडी वळणात बाहेर बाहेर जाते. पसरणीच्या घाटात ते लगेच कळतं. रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तीही त्याचीच खूण.

आता मोजणी, कारण गाडी घेतल्यावर हीच सगळ्यात उपयोगी पडेल. दोन मदतनीस आणि एक टेप लागतो. मागच्या एक्सलच्या बरोबर वर शेपटाकडच्या भागावर पट्टी चिकटवून खूण करा. चाक हवेत लटकत असताना एक्सल ते खूण हे पहिलं माप. गाडी चाकांवर उभी, कोणी बसलेलं नाही, हे दुसरं. तुम्ही पूर्ण साजात बसलात, पाय पेगवर, एकाने हँडल धरलंय, हे तिसरं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुमचा सॅग मिळतो. तो एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ हवा, २०० मिलिमीटरला साठ ते पासष्ट. तो येईपर्यंत प्रीलोड फिरवा. मग पहिल्यातून दुसरं वजा करा. ते पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान आलं तर स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे. ते शून्याजवळ आलं, म्हणजे रिकामी गाडी जराही बसत नाही, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती प्रीलोडने जबरदस्तीने उचलून धरली आहे. इथे पुष्कळ मेकॅनिक फसतात. रिकामी गाडी ताठ दिसली की त्यांना स्प्रिंग कडक वाटते.

मोजमाप झालं की चेनचा ढिलेपणा तुम्ही गाडीवर बसलेले असताना दुसऱ्याला बघायला सांगा. शॉकअप दबतो तशी चेन बहुतेक गाड्यांत ताणली जाते. रिकाम्या गाडीवर नेमकी लावलेली चेन तुमच्या वजनाखाली तारेसारखी ताठ होऊ शकते, आणि मग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर ताण येतो. मागची बाजू उंच झाली की साईड स्टँडवर गाडी जास्त कलते, तेव्हा गरज पडली तर स्टँडच्या तळाला जाड, रुंद पाय लावून घ्या.

नव्या गाडीची वाट न बघता आजच्या क्रूझरवरच ही तीन मापं घेऊन बघा. दोन्ही शॉकअप एकाच स्टेपवर आहेत ना, तेही तपासा, एक दोनवर आणि एक पाचवर अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. मापं आणि वहिनींचं साजासह वजन इथेच लिहा. त्यावरून नव्या गाडीला किती जड स्प्रिंग मागवायची तो आकडा काढून देतो.